अनुपस्थिताच्या नांवापुढें काय लिहावें?

मोठ्या कुटुंबांत हिशेबाची वही नसली तर घर चालत नाहीं, आणि असली तर ती बहुधा दोन रकान्यांचीच असते. डावीकडे नांव, उजवीकडे आंकडा. वाण्याची उधारी, लग्नांतला आहेर, उत्सवाची वर्गणी, दुधाचीं मापें, आजोबांच्या रक्तांतील साखर, हें सर्व या दोन रकान्यांत मावतें. वही एकाच हातची असेल तोंपर्यंत सगळें सुरळीत चालतें. परंतु थोरल्या जाऊबाईंची एक वही आणि धाकट्या जाऊबाईंची दुसरी, अशा दोन वह्या एकत्र करण्याचा प्रसंग आला, कीं एक जुनाच प्रश्न पुढें उभा राहतो. एका वहींत जें नांव आहे आणि दुसरींत नाहीं, त्याच्यापुढें काय लिहावें? शून्य, आडवी रेघ, कीं कांहींच नाहीं? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु हल्लीं घरोघरच्या वह्या संगणकाच्या पोटांत गेल्या आहेत, आणि तेथें या रिकाम्या जागेचें उत्तर माणसाऐवजीं यंत्र देत असतें. यंत्रानें दिलेल्या उत्तराकडे आपण पुन्हां वळून पाहत नाहीं. म्हणून या महिन्याच्या सदरासाठीं आम्हीं हाच विषय घेतला आहे.

ज्या भाषेंत आजचीं मुलें असे हिशेब मांडावयास शिकतात तिचें नांव पायथन. सी. बी. एस. ई. च्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रांत ती शिकविली जाते, तेव्हां पुष्कळ घरांत हें नांव कानीं पडलें असेलच. अजगराशीं तिचा मूळचा संबंध नाहीं. आम्स्टरडॅम येथील गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधनसंस्थेंत काम करणाऱ्या गीदो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती रचली, १९९१ च्या फेब्रुवारींत तिची पहिली आवृत्ति लोकांपुढें ठेवली, आणि बी. बी. सी. वरील 'मॉन्टी पायथन' या विनोदी मालिकेवरून तिला नांव दिलें. या भाषेंत दोन रकान्यांच्या वहीला 'डिक्शनरी' म्हणजे शब्दकोश असें म्हणतात. डाव्या रकान्यांतील शब्द ही किल्ली, आणि उजव्या रकान्यांतील मजकूर हें तिचें मूल्य. किल्ली फिरवावी, मूल्य हातीं यावें. नियम मुख्यतः एकच, कीं एक किल्ली एकदांच. एकाच नांवाच्या दोन ओळी या कोशांत राहूं शकत नाहींत. दुसरी लिहिली कीं पहिली पुसली जाते. हा नियम वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढील निम्मे घोटाळे त्यांतूनच निघतात.

आतां अशी कल्पना करूं, कीं उत्सवाच्या वर्गणीचे दोन कागद आपल्यापुढें आहेत. एकावर नांवें आहेत : थोरले काका, मधले काका, धाकटे काका आणि आत्याबाई. दुसऱ्यावर नुसते आंकडे आहेत : ५००, २०० आणि ४००. यांच्या जोड्या लावावयाच्या आहेत. पायथनमध्यें या कामासाठीं 'झिप' नांवाची सोय आहे. पिशवीची चेन ज्याप्रमाणें दोन्ही बाजूंचे दांते एकांत एक गुंतवीत पुढें सरकते, त्याप्रमाणें ती पहिल्याशीं पहिला आणि दुसऱ्याशीं दुसरा असे जोडीत जाते. नांवें चार आणि आंकडे तीन असतील तर ती तिसऱ्यावर थांबते, आणि कोणास कांहीं न सांगतां थांबते. आत्याबाई यादींतून गळतात.

एवढ्यावरच भागलें असतें तर बरें होतें. परंतु वस्तुस्थिति अशी, कीं या खेपेस वर्गणी दिली नाहीं ती मधल्या काकांनीं. २०० रुपये धाकट्या काकांचे होते, ४०० आत्याबाईंचे. यंत्रास हें कळण्याचा मार्ग नाहीं. तें धाकट्या काकांचे २०० मधल्या काकांच्या नांवावर मांडतें, आत्याबाईंचे ४०० धाकट्या काकांच्या नांवावर मांडतें, आणि ज्यांनीं खरोखर पैसे दिले त्या आत्याबाईंस वगळतें. आणि गंमत अशी, कीं बेरीज घेऊन पाहिली तर ती अगदीं बरोबर, अकराशें! बेरीज जुळली म्हणजे हिशेब जुळला, ही आपल्या घरांतील सार्वत्रिक समजूत. येथें बेरीज जुळते आणि एकाखेरीज प्रत्येक नांव चुकतें.

पायथनकर्त्यांनीं यावर दोन उपाय ठेविले आहेत. पहिला असा, कीं ज्या यादींत माल कमी पडेल तिच्या अखेरीस एखादें ठरविलेलें मूल्य भरून घ्यावें. 'इटरटूल्स' या पेटींतील 'झिप लाँगेस्ट' हें काम करतें. परंतु वरच्या उदाहरणांत तें लावून पहा. तें शून्य भरील, पण शेवटच्या नांवापुढें, म्हणजे पुन्हां आत्याबाईंच्याच पुढें! भर घालणाऱ्यास जागा रिकामी आहे एवढें समजतें. ती कोणाची आहे हें समजत नाहीं. दुसरा उपाय आम्हांला अधिक पसंत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्यें निघालेल्या ३.१० या आवृत्तीपासून 'झिप'ला 'स्ट्रिक्ट', म्हणजे कडक रहा, असें बजावतां येतें. मग दोन याद्यांची लांबी जुळली नाहीं तर यंत्र तक्रार करून काम थांबवितें. काम अडतें हें खरें. पण अडलेलें काम चुकलेल्या कामापेक्षां स्वस्त पडतें. आणि सर्वांत स्वस्त उपाय यंत्राच्या बाहेरचा आहे. नांवें एका कागदावर आणि आंकडे दुसऱ्यावर असें मुळीं लिहूंच नये. जोडी जेथें जन्मते तेथेंच ती जोडीनें लिहावी.

आतां पुढचा प्रसंग. जोड्या बरोबर लागल्या आहेत, पण वह्या दोन आहेत. पहिल्या वहींत थोरले काका ५००, धाकटे काका २००, आत्याबाई ४००. दुसऱ्या वहींत थोरले काका ३००, आत्याबाई १००, मामा २५०. दोन्ही मिळून एक खातें करावयाचें. ऑक्टोबर २०२० मधील ३.९ या आवृत्तीपासून दोन कोशांच्या मध्यें नुसता एक उभा दंड लिहिला, कीं ते एक होतात. 'अपडेट' ही जुनी आज्ञाहि तेंच करते, मात्र ती नवा कोश न करतां पहिल्यांतच भर घालते. नवशिक्या मुलास ही युक्ति फार आवडते, कारण ती एका ओळीची आहे. परंतु एक किल्ली एकदांच, हा नियम येथें आडवा येतो. दोन्ही वह्यांत जें नांव आहे त्याचें उजव्या वहींतील मूल्य राहतें आणि डाव्या वहींतील जातें. थोरल्या काकांचे ५०० गेले, ३०० राहिले. आत्याबाईंचे ४०० गेले, १०० राहिले. एकूण १७५० रुपयांच्या ठिकाणीं ८५० उरले आणि ९०० रुपये कोणीहि न चोरतां नाहींसे झाले.

या रीतीचा दोष आम्ही मानीत नाहीं. ती निराळ्या कामाची आहे. जुन्या पत्त्यावर नवा पत्ता चढवावयाचा असेल, दूरध्वनीचा क्रमांक बदलला असेल, तर नव्यानें जुन्यास पुसावें हेंच योग्य. पैशांच्या बाबतींत नव्यानें जुन्यांत मिळावें लागतें. म्हणजे यंत्रास असें सांगावें लागतें : दुसऱ्या वहींतील एकेक जोडी घे, त्या नांवापुढें खात्यांत पूर्वीं काय आहे तें पहा, त्यांत ही रक्कम मिळव आणि पुन्हां लिही. थोरल्या काकांपर्यंत हें ठीक चालतें. मामांशीं येऊन गाडी अडते. मामांचें नांव खात्यांत पूर्वीं नाहींच. नसलेल्या किल्लीनें कोश उघडूं गेल्यास पायथन 'कीएरर', म्हणजे किल्लीचा दोष, असें ओरडून थांबतें. तें थांबूं नये म्हणून, पूर्वीं कांहीं नसेल तर शून्य समज, असें जें आपण त्यास आधीं सांगून ठेवतों, त्यालाच 'डीफॉल्ट' मूल्य म्हणतात. आम्ही त्यास गृहीत मूल्य म्हणूं. तें वाक्य असें दिसतें. प्रत्यक्षांत आज्ञा रोमन लिपींत लिहावयाची असते; येथें आम्हीं उच्चार दिला आहे :

खातें[नांव] = खातें.गेट(नांव, ०) + रक्कम

'गेट' म्हणजे घेऊन ये. कंसांतील दुसरें पद, तें शून्य, हें गृहीत मूल्य. नांव असेल तर त्याचें मूल्य येतें, नसेल तर शून्य येतें, आणि मामांचे २५० त्या शून्यांत मिळून त्यांच्या नांवावर बिनबोभाट जमा होतात. थोरले काका ८००, धाकटे काका २००, आत्याबाई ५००, मामा २५०, एकूण १७५०. येथें शून्य धरणें अगदीं सत्य आहे, कारण ज्याचें नांव पूर्वीं आलें नाहीं त्याचे पूर्वीं शून्यच रुपये जमा झाले होते.

पैशांची बेरीज करावयाची नसून वस्तू गोळा करावयाच्या असतील तर शून्य उपयोगी पडत नाहीं. तेथें रिकामें भांडें लागतें. दिवाळीच्या फराळांत कोणी काय काय आणलें याची नोंद घ्या. आत्याबाईंनीं आधीं लाडू आणले, मागाहून चकल्या आणल्या. त्यांच्या नांवापुढें एक यादी हवी आणि तींत एकेक जिन्नस पडत जावयास हवा. त्यासाठीं 'सेटडीफॉल्ट' ही आज्ञा आहे. नांव नसेल तर ती रिकामी यादी तेथें मांडून ठेवते आणि तीच आपल्या हातीं देते. 'गेट' आणि 'सेटडीफॉल्ट' यांत भेद एवढाच, पण महत्त्वाचा : पहिली नुसतें सांगून मोकळी होते, दुसरी वहींत लिहून ठेवते.

येथें मुलांच्या पायांत हमखास मोडणारा एक कांटा आहे. 'फ्रॉमकीज' नांवाच्या आज्ञेनें अनेक नांवांपुढें एकच गृहीत मूल्य एका फटक्यांत मांडतां येतें. शून्य मांडलें तर कांहीं बिघडत नाहीं. पण रिकामी यादी मांडली, तर प्रत्येकास निराळी यादी मिळत नसून सर्वांस मिळून एकच यादी मिळते. एकाच डब्यावर चार चिठ्ठ्या चिकटवाव्या, थोरल्या काकांचा, मधल्या काकांचा, धाकट्या काकांचा, आत्याबाईंचा, आणि डबा मात्र एकच असावा, तसा हा प्रकार. आत्याबाईंनीं लाडू टाकले, कीं चौघांच्याहि डब्यांत लाडू दिसूं लागतात! एकत्र कुटुंबांत असा एक डबा असणें शोभेल. हिशेबाच्या वहींत तें शोभत नाहीं. 

प्रत्येकास निराळा डबा मिळावा यासाठीं सप्टेंबर २००६ मधील २.५ या आवृत्तींत 'डीफॉल्टडिक्ट' आला. यास गृहीत मूल्य द्यावयाचें नसतें. तें घडविण्याची रीत द्यावयाची असते. नवें नांव दिसलें कीं तो त्या रीतीनें नवें भांडें घडवितो आणि मांडतो. मोजदाद करणाऱ्यांचें आणि वर्गवारी लावणाऱ्यांचें याच्यामुळें मोठेंच काम हलकें झालें आहे. परंतु याचा आतिथ्यधर्म थोडा अतिरेकी आहे. मांडणी करण्यासाठीं त्यास कारण लागत नाहीं; नुसती विचारपूस पुरते. 'मावशी आल्या आहेत का हो?' असें कोणी चौकटी कंस वापरून विचारलें, कीं तो मावशींचें पान मांडून मोकळा! मावशी आलेल्या नसतात, पण पंगतींतील पानें मोजलीं तर एक अधिक भरतें. म्हणून या कोशास प्रश्न विचारावयाचा झाल्यास 'गेट'नें विचारावा, किंवा 'इन' या शब्दानें, म्हणजे हें नांव आंत आहे का, असें विचारावें; त्यानें नवें पान मांडलें जात नाहीं. नुसती मोजदादच करावयाची असेल तर त्यासाठीं 'काउंटर' हा वेगळा कोश आहे. तो न दिसलेल्या नांवास शून्य म्हणतो आणि त्याचें नांवहि लिहीत नाहीं.

इतका वेळ आम्ही वर्गणी आणि फराळ यांच्याविषयीं बोललों. तेथें चूक झाली तर कोणाचा तरी रुसवा काढावा लागेल, यापलीकडे कांहीं होत नाहीं. आतां आम्ही दुसऱ्या एका वहीकडे वळतों.

घरांत आजोबा आहेत. त्यांस मधुमेह आहे. सकाळीं उपाशीपोटीं बोटाचा थेंब घेऊन यंत्रावर साखर पाहावयाची आणि वार घालून लिहावयाची, असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. एका आठवड्यांत पांच दिवस पाहणी झाली आणि पांचहि दिवस १४० आली. बुधवारीं यंत्राच्या पट्ट्या संपल्या होत्या, शनिवारीं सर्व मंडळी लग्नास गेलीं होतीं. नातवानें हौसेनें पायथनमध्यें वही केली. डावीकडे सात वार, उजवीकडे आंकडे, आणि नसलेल्या दिवसांस गृहीत मूल्य शून्य, कारण वर्गणीच्या हिशेबांत तेंच शिकविलें होतें. मग सरासरी काढली. पांच वेळां १४० म्हणजे ७००, भागिले सात, उत्तर शंभर. उपाशीपोटीं १२६ किंवा त्याहून अधिक साखर ही मधुमेहाची खूण समजतात आणि शंभराच्या आंतील आंकडा निरोगी माणसाचा. म्हणजे ज्या गृहस्थांची साखर रोज १४० आहे ते कागदावर निरोगी माणसाच्या उंबरठ्यावर जाऊन बसले. आजोबा हा कागद पाहून आनंदानें चहांत एक चमचा वाढवितील, किंवा एखादी गोळी आपल्याच विचारानें सोडतील, हें आम्ही कल्पनेनें सांगत नाहीं. घरोघरचे आजोबा वाचकांस ठाऊक आहेत.

येथें गणित चुकलेलें नाहीं, यंत्र चुकलेलें नाहीं. चुकलें तें शून्य. बुधवारीं आजोबांची साखर शून्य नव्हती, कोणाचीहि नसते. ती पाहिली गेली नव्हती, एवढेंच. 'नाहीं' आणि 'ठाऊक नाहीं' या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि शून्य हें चिन्ह त्यांपैकीं पहिलीचें आहे. दुसरीसाठीं पायथनमध्यें 'नन' म्हणून एक निराळें मूल्य ठेविलें आहे. त्याचा अर्थ येथें मूल्य नाहीं असा. या 'नन'चा एक मोठा गुण म्हणजे तें बेरजेंत मिसळत नाहीं. मिसळूं गेलें तर पायथन काम थांबवितें. मग लिहिणाऱ्यास विचार करावाच लागतो, कीं हे दोन दिवस वगळून पांचानें भागावें, कीं आठवडा अपुरा म्हणून सोडून द्यावा. पांचानें भागलें तर १४० हें खरें उत्तर येतें.

हा भेद आमच्या घरांतील स्त्रियांस नवा नाहीं. दुधाच्या वहींत त्या खाडा लिहितात. दूध आलें नाहीं हें पाहून, समजून केलेली ती नोंद असते, आणि महिनाअखेर तेथें शून्य धरणें न्याय्य असतें. परंतु ज्या दिवशीं वहींत कांहीं लिहिलेंच नाहीं, ना माप ना खाडा, त्या दिवशीं त्या दूधवाल्यास विचारतात. आपण होऊन खाडा धरीत नाहींत. शून्य हा खाडा आहे, आणि 'नन' ही न लिहिलेली तारीख आहे. इतकें समजलें म्हणजे या विषयाचें निम्में शास्त्र समजलें, असें आमचें मत आहे.

याच्या उलट चूकहि होते. कित्येकदां खरें शून्य वहींत असतें आणि यंत्र तें रिकामी जागा समजतें. समजा, आत्याबाईंस वयोमानानें वर्गणी माफ केली आणि त्यांच्या नांवापुढें मुद्दाम शून्य लिहिलें. बाकी ज्यांचें नांव नाहीं त्यांच्याकडून शंभर धरावयाचे. घाईचा लेखक असें लिहितो, कीं आत्याबाईंचें मूल्य आण, 'किंवा' शंभर घे. पायथनच्या 'किंवा'स शून्य, रिकामा शब्द आणि रिकामी यादी हीं सर्व असत्य वाटतात. तें समजून लिहिलेलें शून्य फेंकून देतें आणि माफ केलेल्या आत्याबाईंकडे शंभर रुपयांचा तगादा जातो. म्हणून नांव आहे कीं नाहीं हें विचारावयाचें असेल तर नांवाविषयींच विचारावें. मूल्याच्या तोंडाकडे पाहून अंदाज करूं नये.

गृहीत मूल्याचा आणखी एक दोष असा, कीं तें ज्या कामासाठीं धरलें त्या कामापुरतें राहत नाहीं. महाराष्ट्रांत याचें उदाहरण गांवोगांव सांपडेल. पूर्वीं मुलाचें नांव शाळेंत घालतांना ज्याची जन्मतारीख घरच्यांस सांगतां येत नसे, त्याच्यापुढें गुरुजी १ जून ही तारीख लिहीत, कारण शाळा जूनमध्यें उघडे. मुलास शाळेंत घेण्याच्या कामापुरतें तें उत्तम गृहीत मूल्य होतें. परंतु तोच दाखला पुढें नोकरीस गेला, बढतीस गेला, निवृत्तिवेतनास गेला. सरकारी नियमाप्रमाणें ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो मागील महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळें ३१ मे या दिवशीं महाराष्ट्रांतील कचेऱ्यांत आणि शाळांत निरोपसमारंभांची दाटी होते. गुरुजींनीं 'ठाऊक नाहीं' या अर्थानें लिहिलेला १ जून पन्नास वर्षांनीं 'ठाऊक आहे' म्हणून वाचला गेला.

गुरुजींच्या तारखेनें कोणाचें फारसें अहित केलें नसेल. पण अमेरिकेंतील एका शेतावर राहणाऱ्यांस गृहीत मूल्यानें अनेक वर्षें खरोखर छळलें. इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीस आंकड्यांचा एक पत्ता असतो, आणि तो पृथ्वीवर कोठें आहे हें सांगणाऱ्या कंपन्या आहेत. अशा एका कंपनीच्या कोशांत किल्ली म्हणजे जोडणीचा पत्ता आणि मूल्य म्हणजे नकाशावरील बिंदु. जी जोडणी अमेरिकेंत आहे एवढेंच ठाऊक, तिला गृहीत बिंदु म्हणून देशाच्या मध्याजवळचे सोयीचे पूर्णांक दिले गेले : ३८ अंश उत्तर, ९७ अंश पश्चिम. हा बिंदु कॅन्सस राज्यांतील एका शेतावरील घराशीं पडला. सुमारें ६० कोटी पत्ते त्या एका अंगणांत येऊन उतरले. मग जगांत कोठें फसवणूक झाली, कोणी धमकीचें पत्र पाठविलें, कोणाचें मूल घर सोडून गेलें, कीं शोध घेणारा त्या दारावर येऊन थडके; पोलीस येत, फसलेले लोक येत. २०१६ मध्यें एका वार्ताहरानें मूळ शोधून काढीपर्यंत त्या घरच्यांस आपला अपराध काय हें उमगलें नव्हतें. पुढें कंपनीनें तो बिंदु हलवून एका तळ्याच्या पाण्यांत नेऊन ठेविला. आम्हांला हा उपाय मार्मिक वाटतो. ज्या उत्तरास अर्थ नाहीं तें पाण्यांत असलेलें बरें. निदान पाहणाऱ्यास संशय तरी येतो.

म्हणून आम्ही असें म्हणतों, कीं गृहीत मूल्य ही केवळ यंत्राची सोय नव्हे. जो समक्ष नाहीं त्याच्या वतीनें दिलेली ती साक्ष आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेचे तक्ते ज्यांनीं पाहिले असतील त्यांस वयाच्या ओळींच्या अखेरीस 'वय न सांगितलेले' अशी एक स्वतंत्र ओळ दिसली असेल. एवढ्या मोठ्या गणनेंत ज्यांचें वय कळलें नाहीं त्यांस शून्य वर्षांचें बाळ ठरविलें नाहीं, कीं सरासरी काढून तिशींत नेऊन बसविलें नाहीं. त्यांचें न कळणें हेंच नोंदलें. देशाच्या वहीस जें जमतें तें घरच्या वहीस जमावयास हरकत नाहीं.

घरांतील मुलगा किंवा मुलगी पायथनचा अभ्यास करीत असेल, तर वडील मंडळींनीं त्या भाषेचें ज्ञान नसतांहि तीन प्रश्न अवश्य विचारावे. पहिला, नांव आणि आंकडा हे जन्मापासून जोडीनें लिहिले आहेत, कीं मागाहून जुळविले आहेत? मागाहून जुळविले असल्यास 'स्ट्रिक्ट' लाविला आहे का? दुसरा, एकच नांव दोनदां आलें तर नव्यानें जुनें पुसावयाचें आहे, कीं त्यांत मिळवावयाचें आहे? आणि तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : जें नांव नाहीं त्याच्यापुढें जें मूल्य तूं धरलें आहेस, तें खरें म्हणून धरलेंस, कीं यंत्र ओरडूं नये म्हणून? बेरजेसाठीं शून्य, संग्रहासाठीं प्रत्येकाचें निराळें रिकामें भांडें, आणि मोजमापासाठीं 'नन', इतकें साधें त्याचें उत्तर आहे. तें उत्तर मुलास चटकन् देतां आलें तर त्याचा हिशेब डोळे मिटून मानावा. नाहीं आलें, तर आजोबांच्या गोळीस हात लावण्यापूर्वीं सरासरीचा तो कागद बाजूस ठेवून मूळ वहीच डॉक्टरांपुढें धरावी, त्या दोन रिकाम्या जागांसकट.